वनिताची दोन वर्षं

शैला,

तू जाऊन चौथा दिवस होता. मी वर्गात पोरांना हातच्याची बेरीज शिकवत होते आणि तुझ्या शाळेतून फोन आला. तुझ्या जागी तात्पुरते नेमलेले नवे सर होते, आवाजावरून तरणे वाटले. म्हणाले, "बाई, वनिताचा राष्ट्रीय स्पर्धेचा फॉर्म भरायचाय, सतरा वर्षांखालचा. शैलाबाईंच्या टेबलात सगळे कागद मिळाले, फक्त तुमच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा नाही. जन्मतारखेला तोच लागतो. त्या कशा विसरल्या कळत नाही. आठ दिवसांत पाठवाल का?" मी हो म्हटलं. तू काही विसरली नव्हतीस, पण हे त्यांना काय सांगू?

पाच महिने तू तो उतारा मागितला नाहीस आणि मी दिला नाही. पाच महिने आपण एकमेकींशी बोललो नाही. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत आपला सगळ्यात लांबलेला अबोला चार दिवसांचा, आणि तोही आमटीत गूळ किती घालायचा यावरून.

साताऱ्याकडच्या दोन पोरी, बोईसरला एक खोली, एक स्टोव्ह. तू हायस्कुलात खेळाची बाई, मी मासवणकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी म्हणायची, तुझी नोकरी म्हणजे शिट्टी फुंकायची आणि पगार घ्यायचा. तू म्हणायचीस, तुझी म्हणजे खिचडी शिजली का बघायची आणि रजिस्टर भरायचं. चेष्टाच होती ती. पण शेवटी माझ्या त्या रजिस्टरानंच आपल्या दोघींचं बिनसलं. त्या दिवशी भांडताना तू मला धड सांगूच दिलं नाहीस. आज मधे बोलायला तू नाहीस, म्हणून सगळं सांगून घेते.

जून महिना होता. वीटभट्टीवर गेलेली घरं नुकती परत आली होती. जानकी, वनिताची आई, तिला हाताला धरून शाळेत आली. जन्माचा दाखला नव्हता. मी आपली जुनी रीत केली. पोरीला म्हटलं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान धरता आला की पोर सहाचं झालं, पहिलीत घ्यायचं. तिनं कान तर धरलाच, वर बोटं कानाच्या पाळीखाली गेली. मी जानकीला विचारलं, केवढी गं ही? ती म्हणाली, "आठ सरली असल बाय. भट्टीवर झाली ती, थंडीच्या दिसांत."

आठ म्हणजे नियमानं तिसरी. वयाला धरून वर्गात बसवायचं, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांनी तिसरीत बसलेलं निरक्षर पोर कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मी बघितली आहेत. भिंतीला टेकून बसतात, फळ्याकडे बघत नाहीत आणि दिवाळी झाली की आई-बापाबरोबर भट्टीवर जातात ती पुन्हा येत नाहीत. वनिताला 'अ' येत नव्हता. अंगानं ती सहाचीसुद्धा दिसत नव्हती, हाताच्या काड्या होत्या नुसत्या. मी रजिस्टरात सहा वर्षं धरून एक जून लिहिलं. माझ्या शाळेतला निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला आहे, हे तुला ठाऊकच आहे. जानकीला अक्षर येत नसलं तरी बोटांवर मोजता येत होतं. ती म्हणाली, "कमी लिवलात बाय?" मी म्हटलं, राहू दे, पहिलीपासून नीट शिकेल. ती म्हणाली, "तुमी लिवाल ते खरा."

आणि ती शिकली गं! चौथीत तिला भागाकार माझ्याआधी यायचा. त्या एका ओळीचा मला केवढा अभिमान होता. आपण नियम वाकवला आणि एक पोर वाचवलं असं वाटायचं. करायला गेले गणपती, पण मारुती झालाय हे कळायला मला दहा वर्षं लागली.

सहावीत असताना तिला मी तालुक्याच्या स्पर्धेला आणलं. अनवाणी पळाली आणि पहिली आली. तू तिच्या पोटऱ्या दाबून बघितल्यास, बाजारात भोपळा बघावा तशा, आणि मला म्हणालीस, "कुंदे, ही मला दे." तिथून पुढं ती तुझी झाली, माझी झाली, आणि आई-बापाचीही राहिली. तू हॉस्टेलमध्ये जागा मिळवून दिलीस. रात्रीचे भिजवलेले चणे, सकाळी दोन उकडलेली अंडी, ती खाल्ल्याशिवाय तू मैदानात पाऊल टाकू द्यायची नाहीस. हवेत कारखान्यांचा वास दाटला की पोरींना आत घ्यायचीस आणि जिन्यावर पळवायचीस. रविवारी ती तुझ्या घरी यायची आणि मी गणित-इंग्रजी घ्यायला यायचे. पळणाऱ्या पोरीला अभ्यासात सूट द्यायला माझा सक्त विरोध होता, आणि तुझाही. यावर आपलं कधीच भांडण झालं नाही.

जानकी नाचणीचं पीठ घेऊन यायची आणि कोमट तेलानं तिचे पाय चोळत बसायची. जिंक म्हणाली नाही, हरू नको म्हणाली नाही. बापानं तर पोरीची शाळा मोडू नये म्हणून भट्टीच सोडली आणि तारापूरला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला. ड्यूटी सुटली की तो तुझ्या मैदानाच्या तारेबाहेर उभा राहायचा. तू त्याला आत ये म्हणालीस तर म्हणाला, "आमी काय सांगणार बाय, तुमी हाव ना." त्याचं ते बोलणं आपल्याला फार गोड लागलं. एवढा विश्वास टाकणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, याचा विचार तेव्हा आपण दोघींनीही केला नाही.

मग पदकं आली. जिल्हा, विभाग. तीन हजार मीटरमध्ये दरवेळी वनिता पहिली आणि माकुणसार गावची एक पोरगी दुसरी. तिसऱ्यांदा दुसरी आल्यावर ती पोरगी रेषेच्या पलीकडे जाऊन बसली आणि बुटाची नाडी सोडत राहिली. नाडी सुटली होती, तरी सोडत होती. मी वनिताला मिठी मारत होते. तू त्या पोरीकडे बघत होतीस. मला तेव्हा तुझा राग आला होता, आपली जिंकलीय आणि ही कुठं बघतेय म्हणून.

तुला कळलं ते जानकीच्या भाबडेपणामुळे. रविवारी तुझ्या ओट्यावर बसून ती गावाकडच्या एका लग्नाचं सांगत होती. "आमच्या संगीची पोर नि वनिता येकाच महिन्यातल्या. तिला अठरा भरल्याबिगर लगीन नाय म्हनाले ग्रामसेवक, तर थांबले बिचारे. आता झाला." तू चहा ओतत होतीस. कागदावर वनिता सोळाची. तू जानकीला स्टँडपर्यंत सोडून आलीस, आणि मी आल्या आल्या दार लोटून विचारलंस, "तारीख तू लिहिलीस ना?"

मी सगळं सांगायला गेले, पण तू म्हणालीस, "कारण नको सांगू. दोन वर्षं कमी केलीस की नाही, तेवढं सांग." मी हो म्हटलं. मग दोन तास चाललं ते. मी म्हणत होते, भुकेनं त्या पोरीची दोन वर्षं खाल्लीत शैला, मी ती कागदावर परत दिली, यात कुणाचं काय गेलं? आणि तू म्हणालीस, "तुझ्या पोरीला भुकेनं मारलं म्हणून माकुणसारच्या पोरीला तू मारणार का?"

तुझं म्हणणं साधं होतं. पुढं वनिता एकोणीसच्या गटात पळेल, तिथं ती खऱ्या वयानंही बसते. आणि मागचं आपण दोघींनी जाऊन सांगायचं. पहिलं मला पटलं होतं, खरंच पटलं होतं. दुसऱ्याला मी नाही म्हटलं. पदकं जातील, नाव खराब होईल, हॉस्टेलची जागा जाईल, आणि माझी चौकशी लागेल. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझ्या, हे मी शेवटी बोलले आणि तू म्हणालीस, "आलीस ना शेवटी स्वतःवर." तेव्हा मी ते वाक्य बोलले. "तुला शिट्टीपलीकडे काय कळतं?" पंचवीस वर्षं मी ते हसत म्हणत होते. त्या दिवशी हसले नाही. तुझा चेहरा उतरला आणि मी चहा न घेता निघाले.

हे सगळं चाललं होतं तेव्हा वनिता मागच्या मोरीत स्वतःचे बूट धूत होती. मोरीचं दार लोटलेलं, नळ सुरू. तिच्याच आयुष्याचं चाललं होतं, पण तिला हाक मारावी असं तुझ्या मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

नंतर तू तिचा सराव सोडला नाहीस, रोज घेत होतीस. पण सतराच्या फॉर्मवर मी सही करणार नाही, असं जानकीकडून मला कळवलंस. का ते तिला सांगितलं नाहीस. आणि रविवार बंद केलास. मी दोनदा येऊन गेले, तुझ्या दाराला कुलूप. तुझ्या नवऱ्याला फोन लावला, तर विलासभावजी म्हणाले, बाहेर गेलीय. मला वाटलं, तू वनितावरून हात काढून घेतलास. कबूल करते, मी जानकीला तसं बोलूनही दाखवलं. शैलाबाईंचं मन उडालंय म्हटलं. ती बिचारी रडली. तुझ्याबद्दल असं वाईट मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि ते खोटं निघालं.

तुझ्या मातीला मी मागे उभी होते. पुढं यायचा धीर झाला नाही. गर्दीत शाळेच्या गणवेशातली एक बारीक पोरगी हमसून हमसून रडत होती, तिच्या बापाला ती आवरेना. मला ती ओळखू आली. माकुणसारची. मी बापाला विचारलं, तुम्ही शैलाला कसे ओळखता? तो म्हणाला, "बाई दर रविवारी आमच्या सफाल्याला गाडीतून उतरायच्या नि पोरीला पलवायच्या. येवड्या लांबून, कंदी च्या पन घेतला नाय. पोर पलायचा सोडून बसली होती बाय, बूट पेटीत टाकून दिलेले. यांनी परत उभी केली." मी विचारलं, का येते ते सांगितलं का कधी? "मी इचारला तर म्हनाल्या, माझ्याकडून राहून गेलाय."

तुझ्याकडून काय राहिलं होतं, बाई? माझं राहिलं होतं ते. तू माझं पाप दर रविवारी सफाळ्याला जाऊन फेडत होतीस आणि मी तुझ्या कुलपाकडे बघून तुला शिव्या घालत होते.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. तू गेल्याचं कळलं तेव्हा मी हंबरडा फोडला, शेजारच्यांनी येऊन धरलं. आणि तशी रडत असतानाच मनात आलं, सुटले. आता हे फक्त जानकीला आणि मला ठाऊक, आणि जानकीला त्यात काही चूक वाटतच नाही. नव्या सरांना उतारा पाठवला की झालं. मी अशी निघेन असं मला वाटलं नव्हतं. तुला बहुतेक वाटलं असेल, तू मला चांगली ओळखायचीस.

फोन आल्यावर मी उतारा लिहायलाही घेतला. अक्षर चांगलं आहे माझं. नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, तारखेच्या रकान्यापाशी आले आणि मला ती नाडी सोडणारी पोरगी दिसायला लागली. कागद तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बोईसर गाठलं.

वनिता मैदानाच्या पायरीवर बसली होती. तू गेल्यापासून ती पळाली नव्हती. मी सगळं एका दमात सांगितलं, भट्टी, कान, एक जून. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हाईत हाय मला." मी विचारलं, काय माहीत आहे? "वय. आई सांगते ना. पण बाई, घरचं वय नि कागदाचं वय निराळंच असतं ना? आमच्यात सगल्यांचंच असतं." इतकं सहज म्हणाली ती. तिच्या दृष्टीनं आम्ही शिकलेल्या लोकांनी दिलेलं वय हेच शाळेचं वय होतं, पुस्तकं देतात, गणवेश देतात तसं तेही दिलेलं. त्यात कोणी खोटं केलं असेल असं तिला वाटण्याचं कारणच नव्हतं.

मी समजावून सांगितलं, गट कशासाठी असतात, ते वयावर का करतात. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजे ती माकुणसारची पैली?" मी हो म्हटलं. "तीनी वेला?" हो. बराच वेळ ती तळपायाला लागलेली माती काढत बसली. मग विचारलं, "नि माजं?" मी म्हटलं, कदाचित पदकं परत घेतील. राष्ट्रीयला जाता येणार नाही. एकोणीसमध्ये पळशील. "तिथं मी जिंकीन का?" आता नाही, मी म्हटलं, त्या पोरी मजबूत असतात. पण पळशील. ती उठली आणि हॉस्टेलकडे चालायला लागली. मी हाका मारल्या, पण तिनं मागे वळून बघितलं नाही.

दोन दिवसांनी तिनंच जानकीच्या फोनवरून निरोप दिला, कधी जायचं ते सांगा. नव्या सरांना मी आदल्या दिवशी उताऱ्याऐवजी खरं काय ते सांगितलं होतं. ते म्हणाले, वनिता किती मेहनत करते बाई, असं नका करू. मीही तुला हेच म्हणाले होते, पाच महिन्यांपूर्वी.

जानकी-वनिताला घेऊन पालघरला गेले आणि शिक्षण विभागात मी अर्ज दिला. मी जाणूनबुजून चुकीची तारीख नोंदवली, असं स्पष्ट लिहिलं. क्लार्कनं अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरं, मग खरी तारीख काय?" जानकी म्हणाली, "भट्टी लागली त्या टायमाला." तो म्हणाला, तारीख सांगा. ती कुणाकडेच नव्हती. शैला, मी तिची खोटी तारीख लिहिली, आणि खरी होती ती कुणी लिहूनच ठेवली नाही. वनिता हळूच म्हणाली, "शैलाबाईंची जन्मतारीख लिवा ना." माझे डोळे भरून आले, पण मी नाही म्हटलं. मायेनं लिहिलेली एक तारीख पुरे झाली.

मग सरकारी दवाखान्यात पाठवलं. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात म्हणे, तेही अंदाजेच. तिनं हात पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली. बापानं खाडा करून दिवस घातला होता. तो बाहेर भिंतीपाशी उभा होता. मला म्हणाला, "बाय, आमचं काय चुकला का?" मी म्हटलं, नाही हो, माझं चुकलं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं असं वाटलं नाही.

अहवाल अजून यायचाय. माझी चौकशी लागेल, त्याची भीती आता फारशी वाटत नाही. जानकीच्या डोळ्याला डोळा देणं त्याहून अवघड जातंय. आणि माकुणसारला मी अजून गेलेले नाही. जाईन. त्या पोरीला काय सांगायचं ते जुळवते आहे. इथं तू हवी होतीस गं. तुला दोन शब्दांत जमलं असतं.

दवाखान्यातून निघताना वनिता माझ्या बाजूनं चालत होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलली. आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. म्हणाली, "तुमी सगल्यांनी माजं ठरवलं, कागद पन तुमीच केला नि मोडला पन तुमीच. शैलाबाई असत्या ना, तर त्यांनी पैलं मला इचारलं असतं."

मोरीतला नळ, लोटलेलं दार, दोन तास चाललेलं आपलं भांडण, सगळं माझ्या जिभेवर आलं. पोरी, तिनंही नाही विचारलं तुला, पाच महिने रोज तुझ्यासमोर होती तरी नाही विचारलं. यापुढं खोटं बोलायचं नाही असं मी नुकतंच ठरवलं होतं. तिच्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "हो गं, तिनं विचारलं असतं."